एकसष्ट किलो वाळू

मी शिकवते त्या उड्डाणशाळेच्या विमानाच्या चाकातली हवा गेली म्हणून मी शेजारच्या शेडमध्ये पंप मागायला गेले, तेव्हा मला त्याचे नुसते पाय दिसले. बाकीचा तो पंखाखाली होता. पंप खुशाल घ्या म्हणाला, आणि जाता जाता ती पकड तेवढी द्या. मी द्यायला वाकले... आणि त्या तेलकट चेहऱ्यावरचं हसू बघून पंप न्यायचाच विसरले.

सात वर्षं खपून त्याने ते दोन खुर्च्यांचं विमान स्वतः बांधलं होतं. उडवायला मात्र माझ्याकडे शिकायला आला. आईला सांगितलं तर ती म्हणाली, तुला जमिनीवरचा कोणी आवडणारच नव्हता. मी हसले खरी. पण ज्या सरांनी मला उडायला शिकवलं, ते असंच घरी बांधलेलं विमान पहिल्यांदा उडवताना गेले होते.

त्याच्या पहिल्या उड्डाणाच्या सकाळी मी पंखापाशी उभी राहिले. तो आत बसून म्हणाला, तपासणी कालच झालीय.

"कोणी केली?"

"मीच. इथेच बसून."

"मग पुन्हा करू. दांडा उजवीकडे न्या."

त्याने नेला. उजव्या पंखाची हलती पट्टी वर यायला हवी होती. ती खाली गेली.

रंग दिल्यावर तारा परत जोडताना त्याने उलट्या जोडल्या होत्या. उजवीकडे वळायला गेला असता, तर विमान डावीकडे कलंडलं असतं. पट्टी हलतेय एवढंच त्याने आतून पाहिलं होतं.

तो उतरून जमिनीवरच बसला. "सात वर्षं... बाहेर उभं राहून सांगायला कोणी नव्हतंच," तो म्हणाला. मी पकड आणून त्याच्या हातात दिली.

तारा नीट बसल्यावर तो उडाला, एकटाच. घरी बांधलेल्या विमानाच्या चाचणीच्या पहिल्या चाळीस तासांत सोबत कोणाला नेता येत नाही. पण पुढेपुढे दुसऱ्या खुर्चीत वजन ठेवून उडावं लागतं, म्हणून त्याने एकदा हळूच माझं वजन विचारलं.

"बाईला वजन विचारतात का?"

"खोटं सांगितलंत तर विमान फसेल, मॅडम."

मी खरं सांगितलं. त्याने तेवढ्या वाळूची गोणी खुर्चीला बांधली. रोज ती त्याच्याशेजारी बसून जायची, आणि मी खाली जीव टांगणीला लावून उभी. गोणीचा हेवा वाटायचा, काय सांगू.

चाळिसावा तास संपला. त्याने गोणी उतरवली, खुर्ची पुसली, आणि बराच वेळ पुसतच राहिला.

"ह्या खुर्चीत दुसऱ्या कोणाचं वजन धरून मी विमान तपासलेलंच नाही," तो म्हणाला. "आणि... धरणारही नाही."

मी पंखापाशी गेले. डोळे भरून आले होते, तरी पट्टी स्पष्ट दिसत होती.

"दांडा उजवीकडे ने," मी म्हणाले.

पट्टी वर आली. मग मी आत चढले आणि पट्टा बांधला.