हवेची मालकीण

चंद्राच्या पृथ्वीवरून न दिसणाऱ्या बाजूच्या तळाशी बोलायला एकच दुवा-उपग्रह होता, आणि तो पन्नास मिनिटांत बंद पडणार होता. नवा पोहोचायला सतरा दिवस! तळावर चारुलता बोरवणकर एकटी. तिच्या हवाशुद्धी यंत्राची जुळवणी रोज पृथ्वीवरून व्हायची. दुवा तुटला की जुळवणी बंद, आणि सहाव्या दिवशी श्वासही बंद.

देवरुखच्या नियंत्रण प्रयोगशाळेत मृण्मयी खांबेटेने घाईघाईने नव्या आज्ञावलीचा संच बांधला. जुळवणी आता तळावरूनच करता येणार होती. ती संच पाठवणार, तोच तिचे वरिष्ठ केळुसकर ओरडले, "थांब! मालक कोण लावलायस?"

"मालक? बांधला मी, म्हणजे..."

"म्हणजे प्रत्येक फाइलवर तुझा क्रमांक, एकशे सात. अगं, संगणकाला नाव कळत नाही, क्रमांक कळतो. इथे एकशे सात म्हणजे तू. तिथे कोण?"

मृण्मयीने तळाची यादी उघडली. "अरे देवा! पालकाच्या वाफ्याचा पंप!"

"घ्या! चारुलता हवेला हात लावायला गेली की यंत्र म्हणणार, बाई, तुम्ही कोण?"

"मग शून्य लावते. पृथ्वी नियंत्रण. नियमच आहे तसा."

"आणि दुवा तुटल्यावर शून्य तिथे पोहोचणार कसा? फाइल बदलायचा हक्क फक्त मालकाला. त्याच्यापुढे शून्याचंही चालत नाही. चोरट्या आज्ञा घुसू नयेत म्हणून आपणच तसं रचलंय."

मृण्मयीने तळाची यादी पुन्हा चाळली. मग मृण्मयी ताडकन म्हणाली, "चारुलताचा क्रमांक एकतीस आहे! पण सर, नियम?"

"नियमाला हवा लागत नाही, तिला लागते. बांध!"

"तिच्या क्रमांकाने मी इथून कशी बांधू?"

"तोतया मालक वापर. बांधणीपुरतं ते साधन मालकाचं सोंग घेतं. अधिकार कुणालाच मिळत नाही, शिक्का मात्र बरोबर उमटतो."

अकरा मिनिटं उरली तेव्हा बांधणी संपली. मृण्मयीने फाइली तपासल्या. चारशे बारांपैकी चारशे अकरा एकतीसच्या, एक अजून एकशे सातची! ती तिने सवयीने शेवटी, तोतया मालकाला वगळून, हाताने आत टाकली होती. स्वतःलाच शिव्या देत तिने सगळा संच पुन्हा बांधला आणि पाठवला.

"बसला!" चारुलताचा आवाज आला. "हवा माझं ऐकतेय! ऐकते—"

दुवा तुटला.

सतरा दिवसांनी पडद्यावर तिचा टवटवीत चेहरा उमटला आणि प्रयोगशाळेत नुसता कल्ला झाला. मृण्मयी तर हसता हसता रडायला लागली. केळुसकरांनी डोळे पुसले आणि आनंदात आपलीच रचना विसरून नियमाप्रमाणे मालकी शून्याकडे घेण्याची आज्ञा सोडली.

उत्तर आलं : नामंजूर. मालक एकतीस.

"चारुलता, मालकी परत दे बाई. वरून विचारणा होतेय."

"नाही देत, सर!" तिकडून हसू आलं. "दोन वर्षं जरा गार हवा हवी असली तरी मी तुम्हाला विचारायचे. हे सतरा दिवस माझी हवा मीच लावली, आणि काय झोप लागली म्हणून सांगू! आता तुम्हाला काही बदलायचं असेल तर रीतसर अर्ज करा. मी विचार करीन."

केळुसकरांनी कपाळाला हात लावला. मृण्मयी अर्जाचा मसुदा टाइप करायला बसलीसुद्धा.