दातांनी ऐकलेलं पाणी

"माय वो! धुरपता खांब खाऊन राहिली!"

प्रेमिला एवढ्या जोरात किंचाळली की मनिरामच्या हातातली जिलबी मातीत पडली. टेकचंदने वळून पाहिलं आणि त्याचाही आ वासला. तलावाच्या पाळीवर, म्हणजे मातीच्या बांधावर, मंडईच्या झेंड्याचा उंच खांब रोवला होता. त्याला दोन्ही हातांनी कवटाळून, डोळे गच्च मिटून, धुरपताने चक्क त्यात दात रोवले होते!

१९३७ सालची दिवाळीची सुट्टी होती ती. सौंदडजवळच्या त्या गावात आज मंडई, म्हणजे दिवाळीची जत्रा, भरली होती. पाळीखालच्या बांधीतला, म्हणजे भातखाचरातला, धान कापून झाला होता आणि त्या मोकळ्या जागेत दुकानं, पाळणे, दंडारीच्या नाच-सोंगांचा मंडप आणि चार गावची माणसं नुसती खच्चून भरली होती. आपला झेंडा लांबून दिसावा म्हणून लखनलाल पटेलांनी यंदा नवीच टूम काढली होती. खांब खाली नाही, थेट पाळीवर रोवायचा, तोही तलावाचं पाणी शेतात सोडायच्या जुन्या मोरीच्या बरोबर डोक्यावर, कंबरभर खड्डा खणून! पटेल म्हणजे टेकचंद आणि प्रेमिलाचे बाबा. त्यांना अडवायची कोणाची छाती?

धुरपता होती मासे धरणाऱ्या सुकराम ढिवराची मुलगी, टेकचंद आणि मनिरामच्याच वर्गातली. दोन वर्षांपूर्वी तिचे कान वाहू लागले आणि ऐकू येणं बंद झालं. मास्तर ओरडून ओरडून थकले. शेवटी "दिवाळीनंतर हिला पाठवू नका" म्हणून मोकळे झाले. सुकरामनेही तिच्याशी बोलणं सोडून दिलं होतं. हातवारे करायचा, बस्स. आणि या पोरीला शाळा म्हणजे जीव की प्राण!

धुरपताने डोळे उघडले. नेहमीप्रमाणे अगदी हळू आवाजात ती म्हणाली, "पाळीच्या आत पाणी धावून राहिलं."

"कानाजवळ ढोल वाजवला तरी हिले आयकू येत नाही, अन् पाळीतलं पाणी आयकू येते?" मनिराम हसला. "थापा कायले मारतं व?"

टेकचंदने धुळीत बोटाने लिहिलं, 'कसं ऐकलं?'

"बाबा डोंग्यात बसून बांबू पाण्यात सोडतेत," धुरपता म्हणाली. "वरचं टोक कानाले लावतेत. मासोळी कुठं उसळली ते समजते. माह्या कानाले काहीच येईना, तं म्या टोक दातात धरलं. अन् आयकू आलं!"

'सांगितलं काऊन नाही?' टेकचंदने लिहिलं.

"आधीच बह्याड, येडी म्हणतेत मले."

टेकचंदने खिशातून घड्याळ काढलं. गर्दीत हरवू नये म्हणून बाबांनी ते त्याच्याकडे दिलं होतं. त्याने ते धुरपताच्या कानाला लावलं. तिने मान हलवली, नाही. मग तिने ते घेतलं, दातांत धरलं आणि हाताचं बोट वरखाली करू लागली. टिक, टिक, टिक! एकही ठोका चुकला नाही!

"आता व माय!" प्रेमिलाने घड्याळ हिसकावलं, पदराने पुसलं, दोन्ही कानांत बोटं घातली आणि दातांत धरलं. तिचे डोळे बशीएवढे झाले. "दादा! डोक्याच्या आत वाजून राहिलं!"

आता मनिरामचं हसू पार पळालं. "म्हणजे... खरंच पाणी हाय?"

त्याने कानांत बोटं कोंबली आणि खांबाला दात लावले. क्षणभरच! मग तो असा मागे सरला की पाळीवरून गडगडतच खाली गेला असता. "खळखळ! बाप्पा, खळखळ होऊन राहिलं आत!"

चौघंही धडाधड पाळीखाली उतरले. दंडारीच्या मंडपामागे गवतात पाणी झिरपत होतं. टेकचंदने ओंजळीत घेतलं. गढूळ! मातीसकट! नितळ पाणी पाझरलं तर भ्यायचं नाही, गढूळ आलं तर पाळ आतून खचतेय, हे गावातलं शेंबडं पोरही जाणत होतं.

तो धावत बाबांकडे गेला. पटेल पाहुण्यांना पान देत होते.

"बाबा, मंडई उठवा! पाळ फुटते! धुरपतानं आयकलं!"

"त्या बहिरीनं?" पटेल एवढे हसले की पानाची पिंक अंगरख्यावर उडाली. "पोट्टेहो, बह्याड झाले का? चला, पळा!"

"झिरपणारं पाणी तरी पाहा!"

"पळतोस का देऊ एक?"

टेकचंद परत आला तो लालबुंद होऊन. हजार माणसं खाली, आणि वर तलाव तुडुंब! कोणी ऐकेना तर करायचं काय?

प्रेमिलाने मंडपात ठेवलेल्या ढोलकाकडे पाहिलं. मग मनिरामकडे पाहिलं. मनिराम कसला हुशार! त्याने ढोलक गळ्यात अडकवला आणि बडवत सुटला तो थेट देवळाच्या टेकाडाकडे!

"दंडार देवळापाशी! चला, चला! सोंगं निघाली!" प्रेमिला ओरडत होती. दंडारीचे नाचे "अरे, आमचा ढोलक!" म्हणून मागे धावले. नाचे धावले म्हणून पोरं धावली, पोरांमागे आया, आयांमागे अख्खी मंडई! टेकचंद आणि धुरपताने मागे राहिलेल्या दुकानदारांना हाताला धरधरून ओढलं. सगळ्यांत शेवटी हातात काठी घेऊन संतापलेले पटेल आले.

"थांब, टेक्या! आज तुही पाठ—"

मागे करकर असा आवाज झाला. पटेल वळले. झेंड्याचा खांब हातभर खाली खचला, कलला आणि धाडकन कोसळला! त्याच जागेखालून पाण्याचा लोंढा सुटला आणि दंडारीचा मंडप काड्यांच्या पेटीसारखा उचलून घेऊन गेला. घटकेपूर्वी तिथे बायका पोरांना मांडीवर घेऊन बसल्या होत्या! पटेलांच्या हातातली काठी कधी गळाली ते त्यांनाही कळलं नाही.

पहिला हलला तो सुकराम. त्याने तलावात बुडी मारली, पुन्हा मारली, आणि मोरीचं तोंड शोधून त्यात तणसाचे, म्हणजे भाताच्या पेंढ्याचे, भारे कोंबू लागला. मग गडी धावले. कोणी तणस, कोणी चिखल, कोणी दुकानांच्या फळ्या आणल्या. दिवस मावळायच्या आत पाणी अडलं. पाळ वाचली, पुढच्या बांध्यांतला, उशिरा पिकणारा भारी धान वाचला, माणूस तर एकही गेला नाही!

पटेल सगळ्यांसमोर धुरपतापुढे उभे राहिले. "पोरी, चूक माही हाय. पाळीले म्याच भोक पाडलं. तुह्यामुळं गाव वाचलं. शाबास!"

धुरपता नुसती पाहत राहिली.

"बाबा, कोणाले सांगून राहिले?" प्रेमिला म्हणाली. "तिले कुठं आयकू आलं?"

टेकचंदने डोंग्यातला बांबू आणला. एक टोक धुरपताच्या दातांत दिलं आणि दुसरं चिखलाने माखलेल्या सुकरामपुढे धरलं. "काका, दातांत धरा अन् बोला!"

सुकरामने टोक दातांत धरलं. दोन वर्षांनी तो तिच्याशी बोलणार होता. घोगऱ्या आवाजात तो पुटपुटला, "धुरपते... जेवली का व माय?"

धुरपता हबकली. तिने बांबू दोन्ही हातांनी घट्ट धरला, डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. "नाही जी बाबा," ती म्हणाली. "तुमची वाट पाहून राहिली होती."

सुकराम तिथेच मटकन बसला आणि लहान मुलासारखा रडला.

गर्दीत उभ्या असलेल्या मास्तरांनी कपाळावर हात मारून घेतला. "आवाज म्हणजे थरथर! हवेतून आली काय, लाकडातून, हाडातून आली काय, आतल्या कानाला पोचली की झालं. हिची फक्त बाहेरची वाट बंद आहे! ही हळू बोलते, कारण हिला स्वतःचा आवाज आतून ऐकू येतो. दोन वर्षं माझ्या ध्यानात कसं आलं नाही!"

ते पुढे झाले, बांबूचं टोक दातांत धरलं आणि वर्गात ओरडत तसेच ओरडले, "सोमवारी शाळेत यायचं! पहिल्या रांगेत! हा बांबू घेऊन!"

धुरपताने दचकून बांबू तोंडातून काढला, गाल चोळला आणि हळूच म्हणाली,

"येते जी मास्तर. पण एवढं ओरडू नका. दात दुखतेत!"