मागचं पार्किंग

"आई गं!" बर्फावरून पाय सटकला, तशी पद्मजा ओरडली.

"मराठी?" मागून कुणीतरी तिचं कोपर धरलं. "मी श्रीरंग. डिझाइनमध्ये... कालच जॉइन झालो. तुमचीही जपानी गाडी?"

अमेरिकेत, मिशिगनमधल्या ॲन आर्बरजवळच्या त्या गाड्यांच्या ब्रेकच्या कारखान्यात १९८३ साली गेटवर पाटीच होती: परदेशी गाड्या मागच्या पार्किंगमध्ये. जपानी गाड्यांनी नोकऱ्या खाल्ल्या, त्या आमच्या दारात कशाला! राग काही खोटा नव्हता, वर्षभरात निम्मे कामगार घरी बसले होते.

"मित्र म्हणाला, मायलेज बघ, जपानीच घे," श्रीरंग कुरकुरला. "आपण काम कुठे करणार, ते कोण बघतो!"

"आपले सगळे इथेच फसतात," पद्मजा हसली. "मीसुद्धा."

"मग शिक्षा किती दिवस?"

"गाडी बदलेपर्यंत."

"म्हणजे जन्मठेप," त्याने तिच्याकडे पाहिलं. "...सोबत बरी आहे म्हणा."

आगाऊच आहे, असं ठरवून पद्मजा दुसऱ्या दिवशी मुद्दाम त्याच वेळेला आली.

मग मागच्या पार्किंगपासून गेटपर्यंतची ती लांबलचक पायपीट रोजच दोघांची सुरू झाली. थर्मासमधला चहा, नागपूर थोर की पुणे यावरून भांडण... आणि वारा ज्या बाजूने यायचा, त्या बाजूने तो न सांगता, तिला आडोसा देत चालायचा. मार्चपर्यंत दोघं अरेतुरेवर आली होती.

एप्रिलमध्ये नवल घडलं. जपान्यांनी शेजारच्या ओहायोत कारखाना काढला होता, तिथल्या गाड्यांच्या ब्रेकची ऑर्डर या कारखान्यालाच मिळाली! घरी बसलेल्यांना बोलावणी गेली, केक कापला गेला. जपानी पाहुणे येणार म्हणून गेटवरची पाटीही निघाली.

सगळे नाचत होते आणि पद्मजाचा चेहरा उतरला होता. आता गाडी दारातच लागणार. बरोबर चालायला निमित्त कुठलं?

दुसऱ्या दिवशी सकाळी ती वेड्यासारखी मागेच वळली. अख्खं पार्किंग ओसाड होतं. फक्त एक गाडी, आणि तिला टेकून श्रीरंग.

"पाटी काढली, ठाऊक नाही?" तिने विचारलं.

"ठाऊक आहे. तुला?"

"मी... सवयीने आले."

"मी नाही. ठरवून आलो." तो एरवीसारखा हसला नाही. "पद्मजा, मला गेटपर्यंत एकट्याने जायचं नाहीये. खरं सांगू? कुठेच नाही."

तो नेहमीसारखा तिच्या डावीकडे येऊन उभा राहिला.

"आज वारा नाहीये," ती म्हणाली.

"उद्या असेल."

"मग उद्याही ये. परवाही..." तिने त्याचा हात धरला. "चल, उशीर होतोय."

आणि ती त्याला घेऊन लांबच्या वळणाने निघाली.