दोरा कुणी खाल्ला?

"दोरा काय उंदरांनी खाल्ला?"

नियमबाईंनी रिकामं रीळ सगळ्यांना दिसेल असं वर धरलं. "वर्ष संपायला अजून महिना आहे आणि पांढरा दोरा संपला. कसा संपला? सांग ना, आम्हालाही कळू दे."

"शिवून संपला," टाचणी म्हणाली. "दोरा शिवायलाच असतो. चाटायला नसतो."

"तोंड सांभाळून बोल."

"तुम्ही आरोप सांभाळून करा मग!"

अंगणात गोल करून बसलेल्या सगळ्यांनी माना खाली घातल्या. नर्सताईने हसू दाबलं. टाचणीचे बाबा मात्र हसले नाहीत.

दर रविवारी सकाळी सगळी बिल्डिंग आपापल्या घरातल्या खुर्च्या घेऊन खाली यायची. ही काटकसरीची टूम नियमबाईंची. त्या निवृत्त हेडबाई, आणि निवृत्ती त्यांना अजिबात मानवली नव्हती. खाणं, औषध आणि साबण सोडून वर्षभर कुणी काही नवीन विकत घ्यायचं नाही. तुटलं की सांधायचं, फाटलं की शिवायचं, नसलं की शेजाऱ्याकडे मागायचं. जिन्याखालच्या कपाटात सगळ्यांचं सामाईक सामान. खिळे, डिंक, बॅटऱ्या, दोरा. आणि ज्याने नियम मोडला, त्याची खुर्ची उलटी! पाठ गोलाकडे, तोंड भिंतीकडे. हाकलायचं नाही कुणाला... नुसतं भिंतीकडे बघत बसवायचं. तळमजल्यावरच्या काकांची खुर्ची नव्या पंख्यापायी कधीच उलटी झाली होती. ते बिचारे भिंतीशीच राजकारणावर गप्पा मारायचे.

दोऱ्याची जबाबदारी टाचणीची. शाळा सोडल्यापासून ती कपडे ढिले-घट्ट करून देणाऱ्या दुकानात कामाला होती, हात चांगला चालायचा. आणि जीभ त्याहून चांगली.

"दुकानाच्या कामाला तर नाही ना वापरलास?" नियमबाईंनी विचारलं.

टाचणीच्या कानाच्या पाळ्या तापल्या. "चोर म्हणताय मला?"

"मी फक्त विचारतेय."

"मी म्हटलं होतं ना," बाबा कुणाकडेही न बघता म्हणाले. "जिला शाळा पुरी करता आली नाही, ती वर्ष कसलं पुरं करतेय. हिने आजवर एक गोष्ट शेवटाला नेलेली दाखवा मला."

हे घरात बोलले असते तर टाचणीने चार शब्द परत दिले असते. पण सगळ्यांसमोर? तिला एकही शब्द सुचला नाही. आणि तिला शब्द सुचत नाहीत ही गोष्ट सगळ्यांनी पाहिली, याचाच तिला जास्त राग आला.

"पुढच्या रविवारपर्यंत हिशेब दे," नियमबाई म्हणाल्या. "नाहीतर खुर्ची उलटी."

टाचणी खुर्ची उचलून तरातरा वर निघून गेली. जिन्यात खुर्ची मुद्दाम प्रत्येक पायरीला आपटत.

हे वर्ष तिला पुरं करायचंच होतं. बक्षीसबिक्षीस काही नव्हतं. फक्त शेवटच्या रविवारी आपली खुर्ची सरळ असावी, आणि ती सरळ खुर्ची बाबांनी डोळ्यांनी बघावी, बस्स.

खोलीत खिळ्याला निळा शर्ट लटकत होता. भोंग्याचा. वरचं बटण परत तुटलं होतं, ते लावायला तो काल ठेवून गेला होता.

भोंगा म्हणजे चौथ्या मजल्यावरचा मुलगा. फेरीबोटीवर दोर बांधायचा, तिकिटं फाडायचा, आणि "चलाऽ सुटलीऽ" अशी हाक मारायचा की पलीकडच्या काठावरची माणसं पळायला लागायची. म्हणून भोंगा. त्याची नि टाचणीची पहिली भेट याच जिन्यात. पहिल्या रविवारची. ती खुर्ची घेऊन उतरत होती, तो विसरलेलं काहीतरी आणायला डोक्यावर खुर्ची तशीच ठेवून वर चढत होता, आणि वळणावर दोन्ही खुर्च्यांचे पाय एकमेकांत अडकले.

"तुझी काढ."

"तुझी काढ आधी."

"मी उतरतेय. उतरणाऱ्याला वाट द्यायची असते."

"कुठे लिहिलंय?"

"तुझ्या कपाळावर लिहू?"

ओढाताणीत त्याच्या शर्टाचं बटण टप्पकन उडालं आणि टुणटुण उड्या मारत चार पायऱ्या खाली गेलं. तो त्या बटणाकडे असा बघत राहिला, जसं काही त्याचं लहान भावंड हरवलंय. टाचणीला हसू आलं. तिने तिथेच पायरीवर बसून ते लावून दिलं, आणि वर तोऱ्यात म्हणाली, "आता शर्ट फाटेल, पण हे बटण निघणार नाही."

पंधरा दिवसांत निघालं.

मग दुसरं. मग बाहीचं. मग परत पहिलं... तो दारात यायचा, मांजरासारखा गुपचूप बसायचा. एवढा गळा असलेला माणूस, पण तिच्यासमोर आवाज म्हणून निघायचा नाही. "बोटीवर ओढाताण फार होते," एवढंच. टाचणी दर वेळी मनातून खजील व्हायची. आपण लावलेलं बटण आणि तुटतं? मग तिने दोरा दुहेरी केला. मग चौपदरी. दुकानात गुपचूप जुन्या कोटांची बटणं उलटी करून बघितली, ती कशी लावलीत म्हणून. चौपदरी दोऱ्याने लावलेलंही निघालं, त्या दिवशी ती जेवली नव्हती. शाळा जमली नाही, ठीक आहे. पण बटण? बटणसुद्धा जमू नये?

आता तिने शर्ट खिळ्यावरून काढला आणि खिडकीपाशी धरला.

तुटलेल्या दोऱ्याची टोकं पिसारलेली असतात. ओढून तुटलं की दोरा असाच तुटतो, शेंडीसारखा. ही टोकं सरळ होती. एका रेषेत. पात्याने कापल्यासारखी.

टाचणीने टोकांवरून बोट फिरवलं. आणि मग तिची जी काही सटकली...

*

फेरीबोट धक्क्याला लागत होती. वारा सुटला होता, पाणी खांबांवर थपडा मारत होतं. भोंगा दोर खांबाला गुंडाळत होता. त्याने वर पाहिलं, ती दिसली, आणि त्याचं तोंड उजळलं. मग तिच्या हातातला शर्ट दिसला.

"हे काय आहे?"

"शर्ट...?"

"शर्ट तर मलाही दिसतोय! ही टोकं काय आहेत?"

भोंग्याने एकदा टोकांकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे, आणि शेवटी कमरेच्या दोर कापायच्या चाकूकडे. चाकूवर नकळत हात ठेवला. चोर पकडला गेला की चोरीच्या मालाकडेच बघतो, तसं.

"सगळी?" तिने विचारलं. "सगळी बटणं कापलीस?"

"पहिलं नाही. पहिलं खरं तुटलं होतं."

"का?"

त्याने दोराला उगाच आणखी एक वेढा दिला.

"अख्ख्या धक्क्याला ऐकू जाईल एवढा गळा आहे ना तुला? मग बोल की!"

"तुझ्यासमोर नाही वाजत," तो हळूच म्हणाला. "आणि तू कुणाला दारात उभं करतेस का? कामाशिवाय आलेल्याला तू काय म्हणतेस? 'काय हवंय? नाही? मग चालू पड.' मला चालू पडायचं नव्हतं. मला... बसायचं होतं."

दुसरी एखादी पाघळली असती. टाचणीच्या डोळ्यांत पाणी आलं, पण रागाचं.

"मला वाटत होतं मला बटण लावता येत नाही! कळतंय का तुला? वर्षभर! घरात ऐकते, 'हिला काही जमत नाही', आणि वर तुझं बटण दर पंधरा दिवसांनी साक्ष द्यायला हजर. चौपदरी दोरा घातला मी. रीळ संपलं. आता नियमबाई मला चोर म्हणतात, रविवारी माझी खुर्ची उलटी होणार, आणि तू... तुला बसायचं होतं!"

भोंग्याचा चेहरा उतरला. "खुर्ची... तुझी? मला माहीत नव्हतं गं. मी त्या सभेला नव्हतो, ड्युटी..."

"आता माहीत झालं ना? चालू पड!"

खरं तर तो त्याच्याच धक्क्यावर उभा होता. निघून जावं लागलं तिलाच. जाताना तिने शर्ट त्याच्या डोक्यावर फेकला.

*

रविवारी टाचणी खुर्ची घेऊन खाली आली तेव्हा गोल भरला होता. बाबा हाताची घडी घालून बसले होते. नियमबाईंनी घसा साफ केला.

त्या काही बोलायच्या आत भोंगा उठला. वरचं बटण नसलेला तोच शर्ट. त्याने आपली खुर्ची उचलली, गर्रकन फिरवली, आणि भिंतीकडे तोंड करून ठेवली. मग असा आवाज काढला की छपरावरची कबुतरं उडाली.

"दोरा मी खाल्लाऽ! तिने लावलेली बटणं मी चाकूने कापायचो. परत परत लावून घ्यायला. ती पक्की बसली होती, माझ्याशिवाय कुणाकडूनही तुटली नसती."

आधी नर्सताई फिस्सकन हसली, आणि पाठोपाठ सगळेच. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. भिंतीकडे तोंड केलेले काका वळून ओरडले, "शाब्बास रे पठ्ठ्या!"

"शाब्बास?" टाचणी ताडकन उभी राहिली. "कापली त्याने आणि शाब्बासही त्यालाच? माझ्यावर चोरी आली, तेव्हा एक तरी तोंड उघडलं का? टाळ्या कसल्या वाजवताय! नियमबाई, तुम्ही मला काय म्हणाला होतात, आठवतंय?"

नियमबाईंनी चष्मा काढला, परत घातला. हेडबाईंना ही वाक्यं म्हणायची सवय नसते. "चूक झाली माझी," त्या म्हणाल्या. "सगळ्यांसमोर बोलले, म्हणून सगळ्यांसमोर म्हणते. चूक झाली."

टाचणी बाबांकडे वळली. बाबा उठले. तिची खुर्ची त्यांनी उचलून आपल्या शेजारी ठेवली, सरळ, आणि सीटवरची धूळ तळहाताने पुसली. मग परत हाताची घडी.

चालेल. आजच्यापुरतं चालेल, तिने मनात म्हटलं. बाकीचं शेवटच्या रविवारी.

"आणि त्याची खुर्ची उलटीच राहील," तिने जाहीर केलं.

"राहू दे की," भोंगा उलट्या खुर्चीत बसून भिंतीकडे बघत म्हणाला. मग खिशातून काहीतरी काढून पाठीमागे धरलं. रीळच, पण त्यावर जाड, मळकट दोरा. बोटीच्या फाटक्या जुन्या ताडपत्रीची शिवण आठवडाभर उसवून त्याने गुंडाळला होता. त्याची बोटं सोलली होती.

"हा दोरा आहे की सुतळी?"

"विकत नाही घेतला. आता माझी खुर्ची उलटीच झालीय, घेऊ शकतो तसा. नवं रीळ आणू? रंग सांग."

"खबरदार!"

तिने सुई आणली. बटण लावायचं तर समोरून लावावं लागतं, आणि समोर भिंत. म्हणून ती खुर्ची आणि भिंतीच्या मधे शिरली. तिथे गेल्यावर तिच्या लक्षात आलं, गोलातल्या कुणालाच आता ते दोघं नीट दिसत नव्हते. त्याच्या पाठीआड, भिंतीलगत, हातभर जागा. भोंग्याच्याही ते लक्षात आलं. त्याचे कान लाल झाले.

"हलू नकोस. टोचेल."

"टोचू दे. टाचणीच आहेस."

"लाडात येऊ नकोस. अजून राग गेलेला नाही माझा."

"कधी जाईल?"

"विचारू नकोस. विचारलं की वाढतो."

सुई आत, बाहेर. जाड दोरा कुरकुरत होता. तिने गाठ मारली. कात्री घ्यायची राहिली होती. मग काय करणार... ती वाकली, आणि दोरा दातांनी तोडला. तेवढ्यात तिच्या कानाला त्याच्या छातीतली धडधड लागली, बोटीच्या इंजिनासारखी, धक्का सोडतानाच्या.

"हे कापलंस," ती सरळ होत म्हणाली, पण आवाज हवा तेवढा रागीट लागला नाही, "तर तुला पाण्यात ढकलीन."

"मग पुढच्या वेळी काय कारण सांगून येऊ?"

"काही कापून येऊ नकोस." तिने सुई आपल्या कॉलरला खोचली, त्याच्याकडे न बघता. "नुसता ये. बस दारात. 'चालू पड' नाही म्हणणार."

भोंग्याने तोंड उघडलं. बंद केलं. परत उघडलं. "टाचणी, ऐक... मला केव्हापासून तुला सांगायचंय... म्हणजे मला तू..."

धक्क्यावर भोंगा वाजला. खरा, बोटीचा.

"बोल ना!"

"तू मला फार... अगं, दोर सोडायला कुणी नाहीये तिथे... फार आवडतेस!" तो ओरडला, आणि तो भिंतीकडे बघून ओरडला तरी सगळ्या अंगणाने ऐकलं. "आणि आता मला निघायला हवं!"