डावा पीळ

ऑगस्टात जावा बेटावरच्या सुंबिंग डोंगराच्या उतारावर थंडी चांगलीच झोंबते. घरोघरच्या अंगणात चिरलेला तंबाखू बांबूच्या तट्ट्यांवर वाळत पडलेला असतो आणि त्याचा वास कपड्यांत, केसांत, भातातसुद्धा उतरतो. अशाच एका सकाळी कुंचोरो एक जुनी मोटारसायकल टेंपोत घालून रुमिनीच्या दारात आला. कुंचोरो तंबाखूचा व्यापारी, गावातलं बडं प्रस्थ. तोंडावर सगळे त्याला मानानं ‘पाक’ म्हणत. पाठीमागे काय म्हणत, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

“रुमिनी, स्वातंत्र्यदिनाच्या मिरवणुकीत ही गाडी पळाली पाहिजे. इंजिन, ब्रेक, रंग, सगळं नवं कर.”

“कुठून आणलीत, पाक?”

“सेमारांगहून. भंगारात पडली होती बिचारी.”

त्याच्यामागून त्याची मुलगी वेनिंग उडी मारून उतरली. विशीची पोर, गालभर हसणारी. थोरल्या बाईला तिथे मानानं ‘बू’ म्हणतात. “बू रुमिनी, मी रोज बघायला येऊ? येताना तेंपेच्या, सोयाबीनच्या वड्या तळून आणीन.”

“ये की. पण पक्कड मागितली की पक्कडच द्यायची, पाना पुढे करायचा नाही.”

रुमिनीचं कामाचं ठिकाण म्हणजे तिच्या घराची ओसरीच. डच साहेबांच्या काळातल्या गाड्या लोक तिथे आणून टाकत. ती त्यांना जिवंत करी, कुणाची टाकी बदली, कुणाचं हँडल वाकवून देई. हे सगळं तिला शिकवलं तिच्या थोरल्या भावानं, तार्मुजीनं. वाळूच्या पिशवीवर पत्रा ठेवून लाकडी हातोड्यानं तो अशी टाकी घडवायचा की बघणाऱ्यानं गालावरून हात फिरवावा तसा तिच्यावरून फिरवावा. पण काही वर्षांपूर्वी घरासमोरच्याच उतारावर त्याच्या गाडीचा ब्रेक गेला आणि तार्मुजी दरीत कोसळला. ब्रेकची तार तुटली, असं लोक म्हणाले. मोडकी गाडी डोळ्यांसमोर नको म्हणून आईनं पहिल्या भंगारवाल्याला देऊन टाकली होती.

रुमिनीनं कुंचोरोच्या गाडीचा रंग खरवडायला घेतला. इंजिनावरचा नंबर कानशीनं घासून काढलेला होता. असं असतं पुष्कळदा, तिनं मनावर घेतलं नाही. मग ती मागच्या ब्रेकच्या दांडीपाशी आली. दांडीचा नट सैल होऊ नये म्हणून तिथे पितळी तार पिळून बांधतात. रंगाच्या जाड थराखाली त्या तारेचा तुकडा अजून अडकलेला होता, आणि त्याचा पीळ उलटा होता.

साऱ्या जिल्ह्यात तार डावीकडे पिळणारा एकच माणूस होता. तार्मुजी डावखुरा होता.

तुकडा उजेडात धरून तिनं पुन्हा पाहिला. ताणून तुटलेली तार टोकाशी निमुळती होते. ही दोन्ही बाजूंनी दाबली गेलेली, चपटी होती. पकडीनं कापलेली. तार्मुजीची ही गाडी कुंचोरोनं कितीदा मागितली होती, आणि दादा दर वेळी हसून म्हणायचा, “पाक, हिला विकलं तर मी चालत जाऊ का?” रुमिनीच्या डोक्यात आग भडकली. भंगारवाला कुणाचा माणूस होता, हे तिला आता कळलं. नंबर घासला, रंग चढवला की बहीणही ओळखणार नाही, असा त्याचा हिशोब असणार.

दर गुरुवारी, शुक्रवारच्या आदल्या संध्याकाळी, तिथे वारलेल्या माणसासाठी काळी कॉफी आणि लवंग घातलेली सिगारेट ठेवतात. रुमिनी ती दादाच्या कामाच्या ओट्यावर, त्याच्या हत्यारांपाशी ठेवायची आणि घरची खुशाली सांगायची. खुशालीच सांगायची असते. रागाच्या भरात त्या वेळी काही मागू नये, मागितलेलं परत घेता येत नाही, हे तिथली शेंबडी पोरंही जाणतात. पण त्या संध्याकाळी रुमिनीला कुठलं भान?

“दादा,” ती दात आवळून म्हणाली, “ज्यानं तुझी तार कापली त्याला सोडू नकोस. त्याला नको आणि त्याच्या घरालाही नको.”

सिगारेट कुणी ओढत नव्हतं. तरी तिचं टोक भकभक लाल झालं आणि राख सबंध खाली पडली.

दुसऱ्या दिवशी वेनिंग तेंपेचा डबा घेऊन आली. “बू, तुम्हाला एक गंमत सांगू? मिरवणुकीत ही गाडी मी चालवणार! बाबांचा गुडघा धरलाय ना.”

रुमिनीच्या हातातला घास हातातच राहिला. त्याच्या घराला, असं आपणच म्हणालो! आणि घर म्हणजे तरी कोण होतं? ही एकुलती एक, आईविना वाढलेली पोर.

त्या दिवशी तिनं ब्रेकची दांडी नवी बसवली, नट आवळला, तार पिळून पक्की केली. सकाळी पाहते तो तार जमिनीवर, टोक चपटं. तिनं जाड तार घातली. दुपारी जेवून उठेपर्यंत तीही कापलेली. ओसरीवर कुणी आलं नव्हतं. पक्कड तिच्या कमरेला होती.

पुढच्या गुरुवारची वाट न बघता तिनं दिवेलागणीला कॉफी ठेवली आणि ओट्यावर डोकं टेकलं. “दादा, चुकलं माझं... पोरीनं काय केलंय? तिला सोड... त्याचं काय करायचं ते कर.”

खोलीत लवंगेचा वास दाटला. मग वाळूच्या पिशवीवर लाकडी हातोडा पडावा तसा आवाज आला. धप्... धप्... एका लयीत, न थांबता. कामात गढलेला माणूस हाक ऐकत नाही, तसा.

मिरवणुकीच्या आदल्या दिवशी, उन्हं कलताना, कुंचोरो वेनिंगला घेऊन गाडी न्यायला आला.

“झाली?”

“गाडी देत नाही,” रुमिनी म्हणाली. “पाक, ही सेमारांगची नाही. ही माझ्या दादाची आहे. तिची तार तुम्ही कापलीत.”

कुंचोरोचा चेहरा क्षणभर राखेसारखा झाला. मग तो मोठ्यानं हसला. “वेड लागलंय हिला. भावाच्या दुःखानं डोकं फिरलंय.”

“तर मग गाडीवर हात ठेवा आणि त्याची माफी मागा. तुमच्यासाठी नाही, या पोरीसाठी. तो ऐकत नाहीये माझं.”

“लोखंडाची माफी मागू? मी?”

वेनिंग दोघांकडे आळीपाळीनं बघत होती. “बाबा... बू काय म्हणतायत? खरंय?”

मुलीच्या त्या नजरेनंच त्याचा तोल गेला. “खोटं आहे! बघ, तुझ्यासमोर चालवून दाखवतो. खरं असेल तर मला काहीतरी होईलच की!”

त्यानं दुखरा पाय पलीकडे टाकला, किक मारली, आणि गाडी पहिल्याच फटक्यात सुरू झाली. रुमिनीनं त्याला अडवायला हवं होतं. ती हात बांधून उभी राहिली. मनातून तिला बरं वाटलं, अगदी पोटभर जेवल्यासारखं बरं वाटलं. जाऊ दे यालाच, म्हणजे पोरगी सुटेल, असा तिचा हिशोब होता.

गाडी उताराला लागली. वळणावर माणूस गिअर बदलतो, ब्रेक दाबतो, आवाज पडतो. हा आवाज कुठेच पडला नाही. धाडकन काही आदळलंही नाही. एकसुरी घरघर खाली खाली जात राहिली, बारीक होत गेली आणि मशिदीच्या बांगेत बुडाली.

रस्त्याला एकही फाटा नाही. पण उताराच्या पायथ्याच्या चहावाल्यानं कुणाला येताना पाहिलं नाही. गावकऱ्यांनी दोर लावून दरी धुंडाळली. ना गाडी सापडली, ना माणूस.

तेव्हापासून रोज दिवेलागणीला उतारावरून तो आवाज यायचा, खाली जाणारा. वेनिंग बाप गेल्यापासून रुमिनीकडेच राहत होती. ती फाटकाच्या आत उभी राहून तो ऐकायची. रुमिनी तिच्या खांद्यावर शाल टाकायची. आता तरी दादाचं पोट भरलं असेल, असं तिनं स्वतःला समजावलं होतं.

मग एका संध्याकाळी आवाजाचा सूर बदलला.

“बू,” वेनिंग कुजबुजली. “ऐका ना... वर येतोय.”

खरंच वर येत होता. चढणीला दमत, पण थांबत नव्हता. वळण आलं. मग शेवटचं वळण आलं. वेनिंग पुढे धावली, तशी रुमिनीनं तिला दोन्ही हातांनी कमरेशी कवटाळलं.

“सोडा मला, बाबा आलेत!”

“नाही गं पोरी... उघडू नकोस... उघडू नकोस...”

इंजिन फाटकाशी येऊन बंद पडलं. बाहेर अंधार होता. त्या अंधारातून कुंचोरोचा आवाज आला. आयुष्यात कधी बोलला नव्हता इतक्या मायेनं तो बोलला, “वेनिंग, ये बाळा. बस मागे. ब्रेक आता अगदी मस्त लागतोय.”

वेनिंग रुमिनीच्या मिठीत होती, तिचे दोन्ही हात रुमिनीच्या मुठीत होते. आणि फाटकाची आतली कडी, कुणीही हात न लावता, हळूहळू सरकू लागली.