फोटोची मागची बाजू

सोमवारी सकाळी सहावीतल्या मथुरा सिद्दीचं दप्तर सगळ्या वर्गासमोर जमिनीवर उलटं केलं गेलं. दोन वह्या, एक कंपास, डब्यातली अर्धी भाकरी आणि चार चिंचा पडल्या. फोटो काही पडला नाही. तरी दुपारपर्यंत चोर कोण हे गावानं ठरवून टाकलं होतं.

कट्टा गावाच्या पुढे चार किलोमीटरवर ही सरकारी शाळा. तिथल्या प्रीतम सरांचा फोन दाजी गुरुजींना आला, आणि दाजींनी तो तडक आपल्या भाचीला जोडून दिला. किशोरीचं कुडाळला खाजगी तपासाचं छोटं ऑफिस होतं. हरवलेली माणसं, लग्नाआधीच्या चौकशा, असली कामं. निवृत्त झाल्यापासून दाजी तिच्या स्कूटरवर मागे बसून सगळीकडे जात. प्रत्येक प्रकरणात ते मोठ्या विश्वासानं एक चोर पकडून देत, आणि आजवर त्यांचा एकही चोर खरा निघाला नव्हता.

"गोंयचे लोक असतले," ते स्कूटरवरून ओरडले. "जुन्या फोटवांका थंय मोल येता."

"मामा, पयलो फोटो तरी बघूया."

या प्रकरणात दाजींचा जीव जरा जास्तच गुंतला होता. याच शाळेत त्यांनी बावीस वर्षं शिकवलं होतं. आणि दहा दिवसांनी ओरोसला शाळांचं जे प्रदर्शन भरणार होतं, त्यात या शाळेच्या दालनाचं उद्घाटन त्यांच्याच हातून व्हायचं होतं. विषय प्रीतम सरांनी निवडला होता: आपल्या किनाऱ्यावरच्या आफ्रिकी वंशाच्या माणसांचा इतिहास. जहाजांवर राबलेले खलाशी, गोव्यात विकले गेलेले आणि तिथून पळून कर्नाटकाच्या रानात वसलेले गुलाम, त्यांची आजची सिद्दी मुलं. चौथीच्या वर्गातल्या भिंतीवर टांगलेला १९८४ सालचा वर्गफोटो या दालनाचा केंद्रबिंदू ठरणार होता, कारण त्यात एक सिद्दी मुलगा होता. आता भिंतीवर नुसती चौकट उरली होती. आतला फोटो गायब होता.

शर्मिला मॅडम मुख्याध्यापिका. त्यांनी खुर्च्या दिल्या, पण बोलताना त्यांची नजर खिडकीबाहेर होती.

"शनिवारी शाळा सुटल्यावर मथुरा एकटी वर्ग झाडत होती. टाचा उंचावून फोटोच्या काचेवरून हात फिरवताना मी तिला स्वतः पाहिलं. आज सकाळी फोटो नाही. मी दुसरं काय समजायचं? तिचे वडील चार वाजता दाखला न्यायला येणार आहेत. मुलीला काढूनच घेतायत."

"चाव्या कोणाकडे असतात?"

"एक माझ्याकडे. दुसरी सत्यवानकडे. तो पोषण आहाराची खिचडी शिजवतो, शाळा उघडतो, बंद करतो."

किशोरी स्टुलावर चढली आणि तिनं चौकट उतरवली. काच स्वच्छ पुसलेली होती. मागचा पुठ्ठा जागच्या जागी होता. तो धरून ठेवणारे आठही बारीक खिळे जुन्याच भोकांत नीट ठोकलेले होते, एकही वाकलेला नाही. चौकट भिंतीवर परत टांगली होती, तीही सरळ.

"चोरान चौकट साफसूफ करून परत टांगली?" दाजी म्हणाले. "भलतोच टापटिपीचो चोर."

"होय," किशोरी म्हणाली. "आणि स्टुलाशिवाय ह्या खिळ्यार माझोसुद्धा हात पोचणा नाय."

प्रीतम सर तरुण, उत्साही आणि त्या दिवशी पार खचलेले. त्यांनी व्हरांड्यात उभा केलेला फ्लेक्स दाखवला. दाराएवढा मोठा, आणि त्यावर तोच फोटो.

"मागच्या महिन्यातच मोबाईलवर काढून घेतला होता. चेहरे स्पष्ट आलेत, फक्त नावं नव्हती. मागच्या बाजूला नावं लिहिलेली असतील, ती बघा असं एका मुलीनंच सुचवलं. म्हणून शुक्रवारी परिपाठाला सगळ्यांसमोर सांगितलं, सोमवारी फोटो उघडून नावं उतरवून घेऊ."

"म्हणजे फोटोची पुढची बाजू तुमच्याकडे आहेच."

"आहे की."

दाजी फ्लेक्सच्या अगदी जवळ गेले. चाळीस वर्षांपूर्वीचा आपला वर्ग बघून त्यांचा चेहरा खुलला.

"मागच्या बाजूक नावां मीच लिवय! माझ्या अक्षराची तालुक्यात तारीफ होती. आणि ह्यो बघ, ह्यो आमचो संकासूर!" त्यांनी मधल्या रांगेतल्या काळ्या, हसऱ्या मुलावर बोट ठेवलं. "गॅदरिंगात मी दशावतार बसवललंय. सगळ्या पोरांक रंग फासूचो लागलो, ह्येका काजळ लावची पाळीच इली नाय. लोक हसान हसान लोळले. मगे चारय वर्सां संकासूर राक्षसाचां काम ह्येचांच."

"नाव काय त्याचां?"

"नाव..." दाजींनी डोकं खाजवलं. "सगळे संकासूरच म्हणत गो. गुणी पोरगो."

प्रीतम सर पायांकडे बघत राहिले. किशोरी हसली नाही. दाजींना वाटलं, भाचीला आज ऊन बाधलं असावं.

मथुरा आंब्याखाली दप्तर मांडीवर घेऊन बसली होती. डोळे कोरडे. रडून झालं होतं.

"मी घेवक नाय," किशोरीनं काही विचारायच्या आधीच ती म्हणाली.

"माका ठावक आसा. काचेक हात कित्याक लावलंस?"

"बाबा आसत थंय."

दाजी दचकले. "खंय?"

"मधल्या रांगेत."

"मगे ह्यां मॅडमांक सांगूक नाय?" दाजींनी विचारलं.

"कोणी विचारूकच नाय," मथुरा म्हणाली. "बाबांचां नाव मागे कसां लिवलां तां माका बघूचां होतां. म्हणान मीच सरांका म्हटलंय, उघडा म्हणान."

सत्यवान पातेलं घासत होता. पन्नाशीचा माणूस, डाव्या भुवईतून गेलेला जुना व्रण. दाजी दिसताच त्यानं राखेचे हात धुतले आणि वाकून नमस्कार केला. चौथीपर्यंत तो त्यांच्याच हाताखाली शिकला होता. त्याच्या मुलीच्या तापात दाजींनी रात्रीत गाडी करून दिली होती, ते तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे.

किशोरीनं त्याला फ्लेक्ससमोर नेलं. "हे सगळे कोण, ओळखतंस?"

"तर! ह्यो नाईकांचो सुधो. ह्यो गणपत. ह्यो मुंबैक गेलो. ही शेवंती, आता तिका नातवंडां झाली..." बोट एकेका चेहऱ्यावरून सरकत गेलं. तेहतीस मुलं, बत्तीस नावं. मधल्या रांगेत एका चेहऱ्यापाशी बोट अडखळलं आणि पुढे गेलं.

"आणि ह्यो?"

सत्यवाननं दाजींकडे पाहिलं. "माका आठवणा नाय."

त्या मुलाच्या खांद्यावर हात टाकून एक पोरगा उभा होता. त्याच्या डाव्या भुवईवर पांढरी पट्टी होती.

चार वाजता मथुराचा बाप, भिकाजी सिद्दी आला. कसालच्या एका बागेत त्याला राखणीचं काम आणि राहायला खोली मागेच देऊ केली होती, ती त्यानं आज घेतली. दाखला घेऊन तो पोरीला तिकडेच नेणार होता. किशोरीनं सगळ्यांना चौथीच्या वर्गात बसवलं. मग दाजींना हळूच म्हणाली, "मामा, ह्यां मी तुमका आधी एकट्याक सांगू?"

"कित्याक? चेडवाक सगळ्यांसमोर चोर म्हटल्यानी, तर सगळ्यांसमोरच तिका मोकळी कर." दाजी तावातावानं बोलले.

 किशोरी उभी राहिली.

"फोटोची पुढची बाजू फ्लेक्सवर आहे. ती चोरून कोणालाही काही मिळत नाही. मग चोराला हवी होती ती मागची बाजू. ती उघडणार हे शुक्रवारी सगळ्या शाळेनं ऐकलं आणि सोमवारी ती नाहीशी झाली. मथुरा तर ती उघडा म्हणून मागे लागली होती. जी बघायची आहे ती वस्तू दोन दिवस आधी कोण चोरेल? शिवाय काचेला तिचा हात जेमतेम पोचतो, वरच्या खिळ्याला नाही."

शर्मिला मॅडमनी मान खाली घातली.

"मागे काय लिहिलंय हे न उघडता कोणाला माहीत असेल? त्या वर्गात जो होता त्यालाच. आणि चोरानं ते बारीक खिळे न वाकवता काढले, परत ठोकले, काच पुसली, चौकट सरळ टांगली. म्हणजे ही शाळा रोज उघडणारा, पुसणारा, बंद करणारा माणूस. त्याच्याकडे चावी आहे, हत्यारं आहेत. बत्तीस जणांची नावं त्याला आठवतात, आणि ज्याच्या गळ्यात हात टाकून उभा होता त्याचंच नाव आठवत नाही. सांगताना तो ज्याच्याकडे बघत होता, त्यालाच तो वाचवत होता."

सत्यवाननं कोठीतून तांदळाचा डबा आणला. तळातून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला फोटो काढला. तो किशोरीच्या हातात दिला.

"गुरुजी पावणे म्हणान जातले. थंय मोठ्या लोकांसमोर ह्यां कोणी वाचल्यान तर? जाळूक हात धजलो नाय, त्येच्यात मी पण आसय. चेडवावर आळ येयत असां माका वाटूक नाय."

"पण येताना बघलंस," किशोरी म्हणाली. "आणि गप रवलंस."

तिनं फोटो पालथा करून दाजींच्या हातात दिला.

वळणदार, शाईचं, बाकदार अक्षर. आकडे, आणि आकड्यांपुढे नावं, वडिलांचं नाव, आडनाव. दाजी मोठ्यानं वाचू लागले. मधल्या रांगेत आले आणि थांबले. सतरा. त्यापुढे एकच शब्द होता. संकासूर. ना बापाचं नाव, ना आडनाव.

 दाजींना सकाळपासूनचं आपलं बोलणं एकेक करून आठवलं. आयुष्यात पहिल्यांदा खरा चोर आपल्या हाती लागला, असं त्यांना वाटलं, आणि त्यांना खूप लाज वाटली.

"भिकाजी," ते कसेबसे म्हणाले, "मी ह्यां मायेन म्हणय रे."

"ठावक आसा, गुरुजी. म्हणानच कोणाक सांगूक येय नाय." भिकाजीचा आवाज शांत होता. "चौथीनंतर मी शाळेत जावक नाय. पोरां वाटेर संकासूर संकासूर म्हणान नाचत. चेडवाक हयच घातलंय, म्हटलंय आता दिवस बदलले. पण तिका चोर म्हणाक अर्धो दिवसय लागलो नाय."

मॅडम मथुरासमोर हात जोडून उभ्या राहिल्या. रडल्याही. दाजींनी खिशातलं पेन काढलं आणि त्या शब्दावर टेकवलं. भिकाजीनं त्यांचा हात धरला.

"खोडू नकात. खोडलास तर तसां झालांच नाय, असां होयत."

"मगे रवा हय. चेडवाक नेऊ नको."

"दाखलो देवक सांगा, गुरुजी."

त्यांनी दाखला घेतला आणि पाचच्या एसटीनं बापलेक कसालला गेले.

दहा दिवसांनी ओरोसला दालन उघडलं. फीत दाजींनी कापली नाही, ती प्रीतम सरांनी कापली. मधल्या फळीवर फोटो पालथा लावला होता आणि शेजारी एक नवं कार्ड होतं: १७. भिकाजी बाबू सिद्दी. प्रदर्शनाचे दोन्ही दिवस दाजी त्या फळीशेजारी उभे राहिले. पाय भरून आले तरी किशोरीनं दिलेल्या खुर्चीत बसले नाहीत. शाळेशाळेतली मुलं यायची, वाचायची, काही हसायची. प्रत्येक घोळक्याला दाजी तेवढंच सांगायचे, "हे अक्षर माझं आहे."

दुसऱ्या दिवशी दुपारी कसालच्या शाळेची रांग आली. तिच्यात मथुरा होती, नव्या गणवेशात.  मोठ्या कष्टानं दाजी तिलाही म्हणाले, "ह्यां अक्षर माझां, बाय."

तिनं मागची बाजू वाचली. मग कार्डावरच्या बापाच्या नावावरून बोट फिरवलं, त्या शनिवारी काचेवरून फिरवलं होतं तसंच.

"चांगलां आसा अक्षर," ती म्हणाली, आणि रांगेत पुढे गेली.