ठिगळावर पावडर बसेना

"ताई, गन थांबवा. हे बघा काय झालंय."

रघुची हाक ऐकून कालिंदीनं पावडरची गन खाली ठेवली आणि तोंडावरचा मास्क ओढला.

परळच्या बंद गिरणीमागच्या गाळ्यात ती लोखंडी कपाटं, खिडक्यांचे गज रंगवून द्यायची. संपात वडिलांचे माग थांबले ते कायमचेच. पुढे घर चाललं ते या धंद्यावर. या रंगाला ब्रश लागत नाही. गनमधून सुटलेली कोरडी पावडर विजेचा भार घेऊन उडते, अर्थिंगचा चिमटा लावलेल्या वस्तूला चिकटते आणि भट्टीत वितळून पक्की होते. लोखंडावर हे सहज जमतं. कोरड्या लाकडातून मात्र वीज जात नाही, म्हणून पावडर त्याला धरत नाही. आधी लाकूड तापवून आतली ओल वर आणावी लागते.

आज समोर टांगलेलं लाकडी बाकडं तापवलेलं नव्हतं. बघू तरी काय होतं, म्हणून कालिंदीनं गन फिरवली होती. पायांवरची, पाठीवरची पावडर पिठासारखी गळून पडली. बसायच्या फळीनं मात्र ती लोखंडासारखी ओढून घेतली. आणि त्या निळ्या फळीच्या मधोमध तळहाताएवढा भाग कोराच राहिला होता. अगदी पिंपळपानासारखा, लांब टोकासकट.

कालिंदीनं आधी चिमटा चाचपला. रघुनं लावलेला प्रत्येक चिमटा ती पुन्हा चाचपायची. चिमटा घट्ट होता.

मग तिनं फळीच्या खालच्या, पावडर न लागलेल्या बाजूला, त्या पानापासून दूर ओलं बोट घासलं आणि जिभेला लावलं.

खारट.

"रघु, ही फळी ओळखतोस?"

"नाय."

"मग तिच्यावरून नजर का हटत नाही तुझी?"

रघु खाली बसला. "आमच्या होडीची आहे, ताई. मासळी ठेवायच्या बर्फाच्या खणातली. मधला भाग सडला होता. तो कोरून हे ठिगळ मीच बसवलं होतं."

कालिंदीच्या मनात पाल चुकचुकली. मागल्या वर्षापर्यंत रघु वरळी कोळीवाड्यात हरेश्वरच्या होडीवर खलाशी होता. एका पहाटे होडी बंदरातून नाहीशी झाली. रघुनं दोर नीट बांधला नाही, होडी वाहून गेली आणि बुडाली, असं हरेश्वरनं सांगितलं आणि साऱ्या कोळीवाड्यानं मानलं. रघुला बंदरावरच मारहाण झाली. बीडीडी चाळीतला शेजारी म्हणून कालिंदीनं त्याला काम दिलं. दया केली, भरवसा नाही ठेवला.

आता बुडालेल्या होडीची फळी तिच्या गाळ्यात टांगलेली होती. यानंच होडी विकली असेल तर?

पण बाकडी आणून दिली होती खुद्द हरेश्वरनं. होडी नाहीशी होण्याआधीच त्याचा थोरला भाऊ विठोबा तिच्यावरून समुद्रात पडून बुडाला होता. त्याच्या आठवणीसाठी बंदरावर बाकडी ठेवायची होती. हरेश्वरची अट एकच होती: "लाकूड अजिबात दिसता कामा नये."

कालिंदी लालबागला बुधाजी सुताराकडे गेली. बाकडी त्यानंच जोडली होती.

"बसायच्या फळ्या कुठल्या, बुधाजी?"

"हरेश्वरनंच आणून दिल्या. मी फक्त रंधा मारून खिळ्यांच्या भोकांत लांबी भरली. पाय आणि पाठ नव्या लाकडाची."

"फळ्या मोडलेल्या होत्या? खडकावर आपटल्यासारख्या?"

"छे! एकेक खिळा जपून उपटलेला. कडा शाबूत. एवढ्या निगुतीनं केलेली मोडतोड मी जन्मात पाहिली नव्हती."

दुसऱ्या दिवशी कालिंदीनं हरेश्वरला गाळ्यात बोलावलं. सोबत विठोबाची बायको शेवंतालाही. होडीत तिचाही वाटा होता. रघु भट्टीपाशी उभा राहिला. शेवंतानं त्याच्याकडे पाठ केली.

"ही फळी कुठून आणली, हरेश्वरभाऊ?"

"भंगारातनं. आमच्याच होडीची असंल. वाहत किनाऱ्याला लागली असंल."

"शेवंताताई, हे ठिगळ कधी बसवलं होतं?"

शेवंता पुढे वाकली. "नारळी पुनवेच्या तोंडावर. मी तवा तिथंच उभी होते. मग होडी पाण्यात लोटली, आन् बर्फ भरायच्या आधीच गेली."

"मग ऐका. मीठ हवेतली ओल धरून ठेवतं. या फळीत वर्षानुवर्षं मासळीचं खारं पाणी मुरलंय, म्हणून न तापवताही तिच्यातून वीज गेली आणि पावडर चिकटली. ठिगळ नवं, कोरडं. त्यानं पावडर धरली नाही. पण होडी बुडाली असती, तर ठिगळातही समुद्र मुरला असता. मग हे पान दिसलंच नसतं. ही फळी बुडाली नाही, भाऊ. होडी कुणीतरी किनाऱ्यावर ओढून मोडली."

"कुणीतरी म्हंजे हा रघुच!"

"त्यानं मोडली असती तर ठिगळ दिसताच मला हाक मारली असती का? पावडर फडक्यानं पुसली असती, की विषय मिटला. खिळे एकेक करून उपटायला चोराला सवड नसते. लाकडात जीव अडकलेला माणूसच ते करतो. आणि रंगानं ते लाकूड झाकायची घाई तुम्हालाच होती."

हरेश्वरनं भिंतीला हात टेकला.

"वयनी," तो म्हणाला, "दादा गेला तवा सुकाणू माझ्या हातात होतं. माझा डोळा लागला. होडी आडवी झाली, दादा जाळ्यासकट गेला. तू म्हणालीस, पुन्हा होडी काढ, तूच तांडेल होऊन ती चालव. माझा पाय त्या फळीवर ठरंना. बोलायची छाती नव्हती. मीच दोर सोडला. माहीमच्या खाडीत नेऊन मोडली. जाळवली नाय, बापाची होडी होती."

"आणि रघु?" कालिंदीनं विचारलं.

"लोक त्याचं नाव घेऊ लागले. मी गप राहिलो. मग दिवसागणिक बोलणं कठीणच होत गेलं."

बंदरावर रघुच्या तोंडात पहिली मारली होती ती शेवंतानंच. "मला सांगून काय उपेग?" ती म्हणाली. "जिथं याला मारलं तिथं उभा राहून सांग. चल. आत्ता."

ती दोघं गेल्यावर कालिंदी म्हणाली, "रघु, काल मलाही वाटलं होतं की तूच..."

"ठाऊक आहे, ताई. तुम्ही माझे चिमटे चाचपायचात."



हरेश्वरनं बंदरावर सगळं कबूल केलं. सकाळी कोळीवाड्यातली पाचसहा माणसं गाळ्यात आली. शेवंता पुढे होती. तिनं हात जोडले. "रघु, आमचं चुकलं. परत चल. पोलिसांत जायचं तर आम्ही साक्ष देऊ. तू म्हणशील तसं होईल."

रघु हातमोजे काढत होता. त्यानं ते नीट जोडून टेबलावर ठेवले.

"माझी आई यंदाच्या पावसाळ्यात गेली," तो म्हणाला. "शेवटपर्यंत म्हणायची, 'पोरा, दोर नीट बांधायचा होतास रे.' तिला कुणी सांगाल का?"